हाक न मारायची वेळ

आमच्या घरात भांडण कशावरून पेटेल सांगता येत नाही, पण लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात ते बहुतेक वेळा "मीटिंग चालू हाय" या तीन शब्दांवरून पेटायचं. पेटायचं म्हणजे माझ्या डोक्यात. तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती, कारण मीटिंग चालू असायची.

मीटिंग माझ्या दिराची. तो पुण्याहून मोटारसायकलवर गावी, वालूरला आला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरांच्या खोपटात, एकटा राहिला आणि मग घरात आला. माडीवरची खोली त्याला मिळाली, पंखा मिळाला, टेबल मिळालं. तो कानाला हेडफोन लावून बसला की सासरे स्वतः जिन्यात उभे राहून बोटानं गप्प बसायची खूण करायचे. कुकरची शिट्टीसुद्धा गुन्हा. मी फोडणी घातली तरी वरून खोकल्याचा आवाज यायचा.

आता माझं ऐका. मीही शिकत होते. एम.ए. समाजशास्त्र, बाहेरून. एकदा नणंदेच्या लग्नात राहून गेलं, एकदा सासऱ्यांच्या मोतीबिंदूत. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. या खेपेला राहिलं की सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून सुरू करायला मला आता घरात कोणी तोंड उघडू दिलं नसतं. मीही उघडलं नसतं. माणसाची हौस किती वेळा शिजवून किती वेळा निववायची?

कॉलेज बंद होतं. आमच्या परभणीच्या मॅडमनी इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं. महामारीच्या काळात माणसांचं कसं चाललंय, कोणाच्या वाट्याला काय आलंय, कोणाला विश्रांती मिळते आणि कोणाला नाही, यावरचे लेख, छोटे व्हिडिओ, मुलाखती घ्यायच्या प्रश्नावल्या, असं सगळं तिथं फुकट. मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून वाचायची. घरात सगळे कोंडले गेल्यावर बायकांचं काम कसं वाढलं, असा एक लेख होता. लेख परदेशातला, आणि मी वाचतेय इथं तुरीच्या डाळीला घोटणी लावत. म्हटलं, अगं बाई, ही कुठली कोण लिहिणारी, आणि हिला माझं स्वयंपाकघर कसं दिसलं? त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपलं दुखणं एकट्याचं नाही हे कळलं की ते अर्धं होतं, हे काही खोटं नाही.

पण वाचून होईपर्यंत हाक यायचीच. सासऱ्यांना चहा, आमच्या ह्यांना दुकानातून आल्याबरोबर हात धुवायला गरम पाणी, दिराला मीटिंगच्या मध्ये काहीतरी खायला. आमचं किराणा दुकान सकाळी थोडा वेळच उघडं असायचं, त्यामुळे बाकी सगळा दिवस माणसं घरात आणि भूक त्यांच्या सोबत. माणसं वाईट नव्हती हो. कोणी कधी वाकडं बोललं नाही. नुसती हाक मारायची, आणि हाकेला नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

एक वेळ मात्र सोडून. आम्ही शिवाचे. आमच्यात घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं, बाईच्याही, पोराच्याही. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि डोळे मिटून बसायचं. माणूस असा बसला की त्याला हाक मारायची नाही. घराला आग लागली तर गोष्ट वेगळी. माझी पूजा म्हणजे एस.टी. चुकेल अशा घाईची. सासूबाईंची मात्र लांबलचक चालायची. गल्लीत त्यांची ख्याती होती. 'तुमची सासू लय भक्तीची बाई', असं मला शेजारणी सांगायच्या, आणि त्यात माझ्यावर एक टोमणा असायचा तो मी गिळायची.

मॅडमनी शेवटचं काम दिलं ते असं: घरातल्याच एका माणसाची मुलाखत घ्या, लिहून काढा आणि ठरलेल्या दिवशी ऑनलाइन वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. वाचलं तर वर्ष पूर्ण, नाही वाचलं तर नाही. वेळ सकाळी अकराची. म्हणजे ऐन स्वयंपाकाची आणि ऐन मीटिंगची.

मुलाखत कोणाची घ्यायची? दिराला फुरसत नव्हती. आमचे हे म्हणाले, "माजं काय विचारतीस, तुला सगळं म्हाईत हाय." राहिल्या सासूबाई. दुपारी सासरे झोपले होते आणि आम्ही दोघी ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो. मी प्रश्नावली उघडली आणि वाचलं, "दिवसातील कोणत्या वेळी आपणास सर्वाधिक समाधान लाभते?"

"हे कोन बोलायलंय?" त्या म्हणाल्या.

"मीच की, आत्याबाई. म्हणजे दिवसभरात तुमाला कवा बरं वाटतं?"

"मला काय झालंय बरं वाटायला? आजारी हाय का मी?"

"तसं न्हाई. जिवाला शांत कवा वाटतं, असं."

त्यांनी चार-पाच चिंचा फोडल्या, चिंचोके बाजूला सारले. मला वाटलं प्रश्न डोक्यावरून गेला. मी दुसरा शोधायला लागले.

"पूजेत," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. उत्तर अपेक्षेप्रमाणेच होतं.

"देवासाठी न्हाई गं. म्हंजे देवासाठी बी हाय, खोटं कशाला बोलू. पन लगीन होऊन आले तवापासून बघते. चुलीपाशी हाक, मोरीत हाक, जरा पाठ टेकली की हाक. लिंग हातावर असलं की मानूस दारातून मागं जातं. म्हनून मी डोळे लवकर उघडत न्हाई."

माझा हात थांबला. इतकी वर्षं मी त्या मिटल्या डोळ्यांवर मनातून चिडत आले होते. यांची भक्ती आणि माझ्या पोळ्या, असं म्हणायची. आणि ही बाई तिथं बसून नुसता दम घेत होती. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माझं नाक वाहतं.

"लिहू का हे?"

"खरं हाय ते लिहायला काय झालं? लिही." मग पुढची चिंच उचलत म्हणाल्या, "तुजी पूजा लय लवकर उरकते. येडी हाईस."

वाचनाचा दिवस आला. आमच्या घरात मोबाईलला रेंज दोनच ठिकाणी नीट यायची. माडीवरची खोली, ती दिराची. आणि देवघरातली खिडकी. मी ठरवलं होतं की बाहेर गच्चीवर रेंज मिळते तिथं उन्हात बसायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि वाचून टाकायचं. पोळ्या पहाटेच करून ठेवल्या होत्या, भाजी झाली होती. वही घेऊन जिन्याकडे निघाले तर सासूबाईंनी अडवलं.

"उनात कुठं मरतीस? देवघरात बस."

"देवघरात मोबाईल?"

"देवाला काय करायचंय त्याचं? तुजं काम हाय ते. बस जा."

मी आत बसले. खिडकीत मोबाईल टेकवला. मागे वळून पाहते तर सासूबाई देवघराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, दार अडवून, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. सकाळची पूजा कधीच झाली होती.

माझं नाव पुकारलं गेलं. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "चहा टाका गं कुनीतरी." सवयीनं माझा गुडघा उचलला गेला. मग पावलं वाजली. ती देवघराच्या दाराशी थांबली. मला दिसत नव्हतं, पण काय झालं ते कळत होतं. ते थोडा वेळ उभे राहिले असावेत. सकाळी झालेली पूजा परत कशी, हे त्यांना विचारायचं असणार. पण विचारणार कोणाला? पावलं मागे गेली.

मी वाचत राहिले. स्वयंपाकघरात डबे वाजायला लागले. सासऱ्यांनी दिराला हाक मारली. तो कानाला हेडफोन तसाच लावून खाली आला. "साखर कुठं ठेवतेत?" "मला काय म्हाईत?" असं दोघांचं बारीक आवाजात चाललं होतं. मग दूध उतू गेल्याचा वास सगळ्या घरात पसरला. उंबऱ्यावरची पाठ हलली नाही. मी म्हटलं, जळू दे, आणि शेवटचा परिच्छेद वाचला.

"घरी सगळं ठीक ना?" मॅडमनी विचारलं. सगळं त्यांनाही ऐकू गेलं होतं.

"हो मॅडम. सासरे चहा करायलेत."

वर्गातल्या बायका ज्या हसल्या, त्या हसतच राहिल्या. मीही हसले. बाहेर महामारी होती, पेपरमध्ये वाचायला नको वाटाव्यात अशा बातम्या होत्या, गावात माणसं गेली होती आणि त्यांना नीट पोचवताही आलं नव्हतं. हे सगळं खरं. पण त्या दिवशी मी देवघरात बसून फार सुखी होते, हेही खरं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पास झाले. मुदतीच्या आत झाले. आमच्या ह्यांनी मास्क लावूनच गल्लीत पेढे वाटले, पुडा उंबऱ्यावर ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. पुढे मॅडमनी आमच्या वाचनांचे आवाज त्याच पानावर टाकले. सासूबाईंना ऐकायचं होतं म्हणून मी संध्याकाळी ओसरीवर लावलं. माझा आवाज पुस्तकी मराठीत सांगत होता, "वालूर परिसरातील एका वयस्कर गृहिणीने सांगितले की..."

"ही कोन बाई?"

"तुमीच की, आत्याबाई."

"मग माजं नाव कसं न्हाई त्यात?"

"तसा नियम हाय. बोलनाऱ्याला मागून घरात त्रास होऊ ने म्हनून नाव सांगत न्हाईत."

त्यांनी मान हलवली. नियम पटला असावा, असं मला वाटलं. मग त्या उठल्या, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि सरळ सासऱ्यांच्या बाजेकडे गेल्या. "ऐका हे," म्हणाल्या. "ही बाई मी हाय."

मला पळून जावंसं वाटलं. सासऱ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चुलीपाशी हाक, मोरीत हाक, हे माझ्या आवाजात ऐकताना ते मोबाईलकडे न बघता बायकोकडे बघत होते. संपल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इतकी वर्षं बोलली का न्हाईस मग?"

"तुमी विचारलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "हिनं विचारलं."