रविवारची अट

समोरच्या घराच्या कंपाउंडला चुना देणं चाललं आहे. नेहरू नगरात आता भिंतींना चुना कोणी लावत नाही, पण तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी हट्टाने कळीचा चुनाच आणवला आहे. सकाळपासून पत्र्याच्या ड्रममध्ये तो फसफसतो आहे, आणि त्याची गरम, उग्र, नाकाला किंचित बोचणारी वाफ हायवेच्या धुराला बाजूला सारून माझ्या खोलीपर्यंत येते आहे. या वासाने मला बाबा आठवले. खरं पाहता त्यांचा आणि या वासाचा काही संबंध नाही. बाबा स्टील प्लांटच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी प्लांटच्या बसमधून उतरत तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि शर्टाच्या कॉलरवर चुनखडीची पांढरी भुकटी बसलेली असे, पण त्या भुकटीला वास नसतो. दगड भाजून त्यावर पाणी पडल्यावरच तो असा वास सोडतो. म्हणजे माझ्या आठवणीने हा वास नंतर कुठून तरी आणून बाबांच्या अंगाला चिकटवला आहे. आठवणींवर माझा फारसा विश्वास नाही. पुढे जे सांगणार आहे तेही त्याच बेताने ऐकावं.

आम्ही प्लांटच्या सेक्टरमधल्या एका क्वार्टरात राहत होतो. छत्तीसगड राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि मी सोळा वर्षांची होते. बाबा मितभाषी होते, म्हणजे किती, तर जेवताना मीठ हवं असलं तरी मिठाच्या वाटीकडे नुसतं बघत. आई वर्धेकडची, बोलकी. ती दिवसभराचं बोलणं त्यांच्यापुढे ओतायची आणि ते मान हलवत राहायचे. अशा या माणसाने एके दिवशी, कुणाला काही न सांगता, रविवारी दुपारी बाहेर जायला सुरुवात केली. दुपारी जेवण झालं की ते पुन्हा आंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत, कपाटाच्या वरच्या फळीवरची कापडी पिशवी काढत आणि स्कूटरला किक मारून निघून जात. दिवेलागणीच्या आत परत येत. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा जरा सैल झालेला असे, आणि आईला नेमकी त्याचीच भीती वाटायची.

तिने एकदाच विचारलं. मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसले होते.

"दर रविवारी कुठी जाऊन राहिले तुमी?"

बाबा म्हणाले, "सांगीन कधीतरी. पण तू विचारून वदवून घेऊ नको. विचारलंस तं मी सांगीन, पण मंग माह्यं जाणं होणार नाही."

आईने ती अट पाळली. पाळली म्हणजे तोंडाने विचारलं नाही. बाकी तिची सगळी इंद्रियं विचारतच होती. शर्टाच्या खिशात बोटं घालून पाही, चपलांना लागलेली माती खरवडून पाही. एकदा कपाट झाडताना त्या पिशवीला तिचा हात लागला आणि आत काहीतरी छुमकन वाजलं. तिने ती उघडली नाही. स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "पैंजण हाय त्याच्यात." त्या दिवसापासून आमच्या घरात एक बाई राहू लागली. तिचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, तिच्या पायात पैंजण तेवढे होते.

माझा मामा दुर्गला रेल्वेत होता. तो आला की आई त्याच्यापाशी मन मोकळं करायची, आणि मामा सिग्नल दिल्यासारखा हात उचलून म्हणायचा, "ताई, आपण काई म्हणत नाही. पण माणूस रविवारी दोनदा आंघोळ कावून करते, सांग मले." मीच ठरवलं, की आपण पाहून यायचं.

दिवाळी होऊन गेली होती, ऊन कोवळं होतं. मैत्रिणीकडे जाते म्हणून मी आधीच सायकल काढून कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या भिंतीआड उभी राहिले. बाबांची स्कूटर गेली, आणि मी मागे निघाले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते निसटतील असं वाटलं होतं. पण ते मला दिसत राहिले. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे ते बराच वेळ उभे होते. फाटक उघडलं आणि आम्ही दोघं, मधे दहा-बारा वाहनं सोडून, पलीकडे गेलो. मग वस्ती विरळ झाली, धानाची कापलेली शेतं आली, एक तळं आलं, मग कुरुद. कुरुद तेव्हा खेडंच होतं. आता तिथे प्लॉट पडलेत, सिमेंटचे रस्ते झालेत, पण तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बाभळीखाली म्हशी बसलेल्या असत. बाबांनी स्कूटर एका कुडाच्या घरापुढे लावली. मी सायकल तळ्याच्या काठाला टेकवली आणि कुंपणाच्या फटीतून आत पाहिलं.

शेणाने सारवलेलं अंगण होतं. तीस-चाळीस माणसं, बायका, म्हातारे दाटीवाटीने बसले होते. मधे एक बाई, आईच्याच वयाची, हातात तंबुरा घेऊन उभी होती, आणि तिच्या शेजारी, खाली गोणपाटावर मांडी घालून, माझे बाबा. त्यांच्या हातात खंजिरी होती. पिशवीतली पैंजणं ती हीच. ती बाई पंडवानी, म्हणजे महाभारतातली कथा, गात होती. छत्तीसगडात राहून हा प्रकार मी ऐकून होते, पण पाहिला नव्हता. एकजण गाऊन कथा सांगतो आणि शेजारी बसलेला रागी त्याला हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारतो, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनातलं तो बोलून दाखवतो. रागी नसेल तर कथा पुढे सरकत नाही. आणि घरात मीठसुद्धा न मागणारे माझे बाबा तिथे खणखणीत आवाजात, शुद्ध छत्तीसगढीत विचारत होते, "फेर का होइस?" मग काय झालं? आणि अंगण हसत होतं, आणि बाबा हसत होते.

कथा नदीशी लग्न केलेल्या राजाची होती. मी काहीही केलं तरी कारण विचारायचं नाही, या अटीवर ती नदी त्याची राणी होते. मूल झालं की ती ते प्रवाहात सोडून येते. राजा बघतो, गप्प राहतो. सात मुलं तशी जातात, आठव्या वेळी त्याला राहवत नाही, तो विचारतो, आणि ती निघून जाते. त्या दिवशी खरोखर हीच कथा चालली होती की पुढे कधीतरी मीच ती त्या अंगणात नेऊन बसवली, हे मला सांगता येत नाही. दुसरी असती तर आज माझी एवढी सोय झाली नसती, म्हणूनच मला माझा संशय येतो.

मला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला राग आला. हा आवाज, हे हसणं आमच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आम्हाला भुवयांवरची भुकटी, आणि या अनोळखी लोकांना सगळा माणूस. मी घरी आले. आईने तांदूळ निवडता निवडता मान वर केली, आणि मी म्हणाले, "बाबा कुरुदले जातेत. एक बाई हाय. तिच्या बाजूले बसले होते."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त मी तंबुरा गाळला, खंजिरी गाळली आणि चाळीस माणसं गाळली.

पुढचं फार झपाट्याने झालं. मामाच्या कानावर गेलं. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी ड्युटी संपवून तो परस्पर कुरुदला गेला आणि त्या बाईच्या दारात, शेजारीपाजारी उभे असताना, तिला नको ते बोलून आला. त्याच संध्याकाळी आईने बाबांना विचारलं. या वेळी मी समोर होते.

"कोण हाय ते बाई?"

बाबांनी कपाट उघडलं, पिशवी काढली आणि खंजिरी आईपुढे ठेवली. सगळं सांगितलं, चार वाक्यांत. पंडवानी ऐकायला पहिल्यांदा कसे थांबले, एकदा रागी आजारी होता म्हणून कसे बसले, मग बसतच गेले. शेवटी म्हणाले, "विचारलंस तू. झालं आता."

आई रडली. दुसऱ्या दिवशी मीही तिला अंगणाचं सगळं सांगितलं आणि तिने मला मारलं, तिच्या आयुष्यात एकदाच. नंतर कितीतरी रविवार ती त्यांच्या मागे लागली होती, "जा न तुमी. मी सोता येतो तुमच्यासंगं, त्या बाईची माफी मागतो." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "कोणत्या तोंडानं जाऊ. तिच्या दारात तिले बोलून आले आपले लोक." ते पुन्हा गेले नाहीत. रिटायर झाल्यावरही नाही. त्यांनी ही गोष्ट आमच्यापासून का लपवली, हेही मला नीट कळलेलं नाही. आमच्या मराठी मंडळात लोक हसले असते, हे एक कारण मी स्वतःला देते. पण मला वाटतं, आयुष्यात एक तरी जागा अशी असावी जिथला हिशोब घरी द्यावा लागत नाही, एवढंच त्यांना हवं असेल.

मी पुढे इतिहास शिकले आणि इथल्याच एका कोचिंग क्लासमध्ये शिकवू लागले. प्राचीन संस्कृती शिकवायच्या म्हणून जगभरच्या पुराणकथा वाचायला घेतल्या आणि मला ती अट जागोजाग भेटू लागली. ग्रीकांची एक मुलगी आहे. तिचा नवरा फक्त अंधारात येतो आणि माझं तोंड बघू नकोस म्हणतो. ती दिवा लावून बघते, तापल्या तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो उडून जातो. जपानचा एक देव मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. ती म्हणते, मी येईपर्यंत बघू नका. तो कंगव्याचा दात मोडून पेटवतो आणि बघतो. फ्रान्सकडच्या एका कथेत पाण्यातली बाई माणसाशी संसार करते, आठवड्यातला एक दिवस तेवढा स्वतःसाठी मागून घेते. त्या दिवशी ती दार लावून न्हाते. नवरा एके दिवशी दाराच्या छिद्रातून पाहतो. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी एकच गोष्ट रचली आहे. बघू नको म्हटलेलं आहे, आणि कोणीही, एकदाही, न बघता राहिलेलं नाही.

या कथा आज कशाला, असं मुलं विचारतात. परवा एक वडील क्लासमध्ये आले. हातातला मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, यह बिंदु चार बजे यहाँ क्यों नहीं था?" नकाशावरचा तो निळा ठिपका त्यांची मुलगी होती. ती माझ्याच क्लासमध्ये, मागच्या बाकावर होती, फोन मैत्रिणीकडे राहिला होता. मी त्यांना तसं सांगितलं. ते हो म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. दिव्यात तेल असो की बॅटरी, धरणारा हात तोच आहे.

बरीच वर्षं मी त्या कथांमध्ये आईला शोधत होते आणि सापडतही होती. मग एकदा ग्रीकांच्या त्या मुलीची कथा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, की दिवा लावण्याची बुद्धी तिची नव्हती. तिच्या बहिणी येऊन सांगतात, तुझा नवरा साप असेल. त्या न्हाणाऱ्या बाईच्या कथेतही नवऱ्याचे कान त्याचा भाऊ भरतो. ही माणसं कथेत एका ओळीपुरती येतात आणि पुढे त्यांचं काय झालं याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. मी त्यांच्यातली आहे. दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने मला हे इतक्या सरळ सांगितलं नसतं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी कुरुदला गेले. घर शोधायला वेळ लागला. अंगणाच्या अर्ध्या भागात आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. ती बाई होती, खाटेवर उन्हात बसलेली, दात गेलेले. मी कोण ते सांगितलं आणि माफी मागितली. तिने मला जवळ बसवून घेतलं आणि भलतंच काही सांगितलं. मी कुंपणातून पाहिलं त्या रविवारी म्हणे, बाबा अंगणात आल्या आल्या तिला म्हणाले होते, "आज मोर बेटी आवत हे। बने गाबे।" आज माझी मुलगी येते आहे, चांगलं गा.

मी म्हटलं, "उनको मालूम था?"

"जानत रिहिस," ती म्हणाली. "गाड़ी ला धीरे-धीरे चलाइस, के तैं पाछू झन छूट जास।" गाडी हळू चालवली, तू मागे सुटू नयेस म्हणून.

घरी परतताना मी पुन्हा पुन्हा तो रस्ता मनात चालून पाहिला. सायकलवरची मुलगी स्कूटरच्या मागे एवढ्या लांब कशी टिकली, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता हे खरं. फाटक उघडल्यावर ते लगेच निघाले होते का, की थांबले होते, ते मला आठवत नाही. आणि ती बाई जन्मभर कथा सांगत आलेली. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळत असणार. रडवेल्या तोंडाने दारात आलेल्या बाईला तिने तिथल्या तिथे एक गोष्ट रचून दिली असेल, असंही मला वाटतं. कधी वाटतं, तसंच असेल. आता विचारायला बाबा नाहीत, आणि तिला पुन्हा जाऊन विचारण्याचा धीर मला होत नाही. सोळाव्या वर्षी बाबांबद्दलची वाईट गोष्ट खरी मानायला मला कोणताही पुरावा लागला नव्हता. ही चांगली गोष्ट मात्र मी अजून तपासते आहे.