देवधरांचा न छापलेला लेख

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज आमच्या मराठी मंडळाच्या नव्या स्मरणिकेचा गठ्ठा उघडला, शाईचा वास आला आणि २००५ सालची अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधली ती दुपार आठवली.

माझ्या मुलाच्या घरी स्मरणिकेसाठी लेखवाचन चाललं होतं. संपादक मी. आपल्या लेकीकडे राहायला आलेले नागपूरचे देवधर अमेरिकेतल्या जुन्या गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांवरचा लेख वाचत होते. गुलामगिरीच्या समर्थकांच्या जमावाने छापखाना नदीत फेकला, तरी संपादकाने दुसरा मागवला. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी आपली हकिगत स्वतःच्या पेपरात छापली. बाहेर पाऊस पडत होता, कपांतला चहा गार होत होता. मी गोष्ट सुरू केली की उठून जाणारी माझी नात त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती.

“देन व्हॉट, आजोबा?”

त्यांना आजोबा! माझा नुसता जळफळाट झाला.

“लेख उत्तम, पण अंकात जागा नाही हो,” मी म्हणालो.

“घ्या! आमचाही छापखाना गेला नदीत!” देवधर म्हणाले. सगळे हसले.

जागा होती. तिथे मी माझं नायगाराचं प्रवासवर्णन घातलं, फोटोसकट. तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. जिवावर उदार होऊन माणसांनी जे छापलं, त्याची गोष्ट मी एका पोरीच्या प्रश्नापायी दाबली, हे आता कळतं.

ते नागपूरला परतल्यावर मी फोन केला.

“नायगारा झकास जमलाय,” ते म्हणाले.

“देवधर, तुमचा लेख...”

“अहो, सोडा ते. नात काय म्हणते?”

“मजेत आहे,” मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात देवधर गेले. “जागा होती, मला माफ करा,” एवढं म्हणायचं राहूनच गेलं.