मतदानाचा रॅम्प

आमच्या जव्हारात पाऊस असा कोसळतो की शाळांची जोती उंचच बांधावी लागतात. मुलीच्या शाळेचंही तसंच, भलत्याच उंच पायऱ्या. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत. चौथीपर्यंत मी तिला कडेवर घेऊन वर सोडायचे, मग पाठुंगळी. ती सातवीत गेली आणि माझी कंबर गेली.

मुख्याध्यापक माणूस गोड. म्हणाले, "ताई, उगाच ओढाताण कशाला? घरीच राहू द्या तिला. हजेरी मी लावतो, पासही करतो." चारचौघांच्या मुलांबरोबर एका वर्गात बसणं हा तिचा कायद्याने हक्क आहे, हे मी त्यांना ऐकवलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. रॅम्पचा प्रस्ताव वर पाठवलाय, असंही म्हणाले. वर म्हणजे कुठे, हे विचारणं मी पुढे सोडून दिलं. आधी भांडायचे, घरी येऊन रडायचे. नंतर काही वाटेनासंच झालं. आठवड्यातून एकदा एक शिक्षिका घरी येतात, जीव लावून शिकवतात. पण मुलीला घरी येणाऱ्या बाई नकोत, बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी हव्यात.

मग मतदान आलं. केंद्र त्याच शाळेत. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांना रिक्षाने नेलं. मुलगीही तिच्या चाकाच्या खुर्चीसकट बरोबर आली. बघते तर पायऱ्यांवर फळ्यांचा ऐसपैस रॅम्प, त्यावर हिरवी चटई, धरायला बांबू. शेजारी नवीकोरी व्हीलचेअर, आणि "या आजी, बसा" म्हणणारी तरुण मंडळी. इतके दिवस जे होत नव्हतं ते झालं होतं, तेही बहुधा तासाभरात.

सासूबाईंना त्यांनी वर नेलं. मागोमाग मुलगी गेली, स्वतः चाकं फिरवत, मला हातसुद्धा लावू न देता. मतदान नेमकं तिच्याच सातवीच्या वर्गात चाललं होतं. दारातल्या पोलिसाने तिला थांबवलं. "मतदार नाही ना? मग आत नाही जाता येणार." ती दारातच थांबली आणि भिंतीवरचे तक्ते बघत बसली. मी चिडायला हवं होतं. नाही चिडले.

संध्याकाळी मी एकटी परत गेले. मंडपवाल्याचा माणूस फळ्या टेम्पोत भरत होता.

"दादा, एवढा राहू द्या की इथे."

"नाय ताई. फल्या उद्या खोडाल्याला जायच्यात. लग्नाचा स्टेज हाय."

मुख्याध्यापक तिथेच उभे होते. "ती तात्पुरती सोय होती, ताई," ते समजुतीने म्हणाले. मी बरं म्हटलं आणि घरी येऊन कुकर लावला.

जेवताना सासूबाई शाई लागलेलं बोट सगळ्यांना दाखवत होत्या. किती मानाने नेलं, खुर्ची कशी अलगद चढवली, तेच तेच पुन्हा. मुलगी जेवता जेवता ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आजी, तू परत कधी जाणार मत द्यायला?"

"आता पाच वर्षांनी गं. तोवर जगले तर."

मुलीने हातातला घास परत ताटात ठेवला.

"जग ना, आजी," ती म्हणाली.