सामोलने वाचलेलं पान

नॉम पेनला नदीकाठी, राजवाड्यासमोरच्या छोट्या देवळापाशी ता सामोल पोथी घेऊन बसायचा. ताडपत्रांची पोथी, पानोपानी रामकथेतले प्रसंग, वर जुनं रेशमी बासन. गिऱ्हाईक चटईवर पाय मुडपून बसायचं, पोथी डोक्यावर धरायचं, मनातल्या मनात प्रश्न म्हणायचं आणि तशीच पानांमध्ये काडी खुपसायचं. काडी शिरेल ते पान सामोलने वाचायचं. प्रश्न मात्र विचारायचा नाही. हीच तर मेख होती, कारण या माणसाला नसत्या चौकश्यांची भारी खोड.

एखादी नवी नवरी पान ऐकून हसत गेली, की याचा दिवस वाया. काय बरं विचारलं असेल पोरीने? एकदा प्रे वेंगचा एक म्हातारा पान ऐकून घळाघळा रडला, तर हा त्याच्या मागोमाग पार फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत गेला. "ऊन फार आहे हो, टोपी घाला," असलं काहीबाही बोलत राहिला. म्हातारा बोटीत चढला, बोट सुटली आणि हा आपला काठावर हात हलवत उभा.

"एक दिवस लोकांची डोकी उघडून बघाल तुम्ही," यीय नीम म्हणायची. नीम म्हणजे त्याची बायको. ती पलीकडेच कमळाच्या कळ्या विकायची, पाकळ्या सुरेख आत दुमडून. सगळा काठ त्यांना ता आणि यीय, म्हणजे आजोबा आणि आजी म्हणायचा.

"बघेन, पण खोटं कधी वाचणार नाही," सामोल ऐटीत म्हणायचा. आणि ते खरंच होतं. वाईट पान निघालं, तर समोर कितीही मोठा माणूस असो, हा वाईटच वाचायचा. लोक येत ते त्यासाठीच.

जलोत्सव संपला, शर्यतीच्या होड्या आपापल्या गावी परतल्या आणि बट्टंबंगहून लेकीचा, थावीचा फोन आला. बाळंतपण होऊन तिला कामावर परतायचं होतं. "आई, तू इकडेच ये राहायला," ती म्हणाली. फोनचा आवाज मोठा, सामोलला सगळं ऐकू गेलं. तू ये. बाबांचं नावसुद्धा नाही. त्याला ते लागलं. साऱ्या जगाच्या चौकश्या करणाऱ्या या माणसाला, तू जाणार का, एवढं बायकोला विचारवेना. ती हो म्हणेल याचीच त्याला भीती वाटत होती.

मग एका दुपारी नीम चपला काढून सरळ त्याच्या चटईवर येऊन बसली.

"काय गं, कमळं कोण विकणार?"

"शेजारीण बघतेय. पोथी द्या."

"तुला?"

"का, माझं डोकं काय डोकं नाही?"

मागे थांबलेल्या दोन बायका हसल्या. नीमने पोथी डोक्यावर धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. मग काडी खुपसली.

सामोलने पान उघडलं. हनुमान समुद्र ओलांडतो, ते पान. साऱ्या पोथीत याहून चांगलं पान नाही. वाट मोकळी आहे, मनातलं बोला, काम फत्ते. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. निघाली ही, त्याला वाटलं.

"रावणाने सीतेला पळवलं, ते पान आहे," तो खाली बघत म्हणाला. "दिवस बरे नाहीत. आहात तिथेच राहा. मनातलं मनातच ठेवा."

"बरं," नीम म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला. ती उठली आणि चपला घालू लागली.

सामोलला राहवेना. "काय विचारलंस?"

"आता सांगून काय उपयोग?"

"सांग तरी."

"चला म्हटलं तर तुम्ही बट्टंबंगला याल का, हे विचारलं. थावी म्हणते, बाबा काही काठ सोडायचे नाहीत. मला वाटलं, विचारून तर बघावं." ती नदीकडे बघत होती. "बरं झालं, आधी तुमच्यापाशी बोलले नाही ते. पान म्हणतं, तुम्ही इथेच राहणार. जाते एकटीच."



"मी पान खोटं वाचलं," सामोल म्हणाला. "हनुमानाचं होतं. मला वाटलं, तू एकटीने जाण्याचंच विचारते आहेस."

मागच्या दोघींपैकी एकीने पोथीपुढे लावायला आणलेली उदबत्ती उचलली आणि ती मुकाट्याने निघून गेली. दुसरीही तिच्या मागे गेली.

नीम त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे पान चांगलं होतं?"

"सगळ्यात चांगलं."

"आणि हे तरी खरं कशावरून?"

 इतक्या वर्षांत असं कोणी सामोलला विचारलं नव्हतं. त्याने पोथी बासनात बांधली आणि पलीकडच्या चटईवर बसणाऱ्या दुसऱ्या पोथीवाल्यापुढे नेऊन ठेवली.

"कधीपर्यंत सांभाळू?" पोथीवाल्याने विचारलं.

"तुझीच समज," सामोल म्हणाला. मग तो नीमकडे वळला. "बट्टंबंगची गाडी सुटते कुठून?"