मॅनेजरांचा नारळ

आमच्या काजूच्या कारखान्यातले मॅनेजर फार मायाळू. गोड बोलायचं असेल तेव्हा मालवणीत बोलतात, नाही म्हणायचं असेल तेव्हा पुस्तकी मराठीत. कामावरच्या कोणा बाईला दिवस गेले की बायकोला बोलावून तिची ओटी भरतात. तांदूळ, खण, नारळ, वर फोटो. "आता घराकडे आराम कर गो," असं डोळे पुसत सांगतात. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर नवी बाई काजू सोलत बसलेली असते. नोकरीवरून काढण्याला नारळ देणं म्हणतात हे ठाऊक होतं, पण तो इतक्या प्रेमाने देणारा माणूस मी हाच पाहिला.

माझी सूनही तिथेच माझ्या शेजारी बसून काजू सोलते. परवा तिने त्यांना विचारलं, "बाळंतपणाची रजा किती, आणि पगार चालू ऱ्हवतलो काय?"

"दिवस गेले काय गो?" बायकोला बोलवायला त्यांचा हात लगेच फोनकडे गेला.

"नाय. आधी इचारतंय, मगे ठरवतलंय. कायद्यात सहा म्हयने पगारी रजा आसा म्हणतत. नारळ माका नको, आमच्या परड्यातल्या माडाचे पडतत."

मॅनेजरांनी सावकाश चष्मा पुसला. "त्यासंदर्भात वरिष्ठांशी चर्चा करून कळवण्यात येईल."

तेव्हापासून येता-जाता ते सुनेच्या पोटाकडे बघतात. सून उत्तराची वाट बघते, मी नातवंडाची. दोन्ही त्यांच्याच टेबलावर अडली आहेत.