सिक्वेन्स मोठा की कलर

साठीची अल्लड पोर होते मी तेव्हा. मोबाइलवरच्या फुकट पोकर स्पर्धेत सिक्वेन्सवर सगळ्या चिप्स लावल्या आणि कुणाच्या तरी कलरने हरले. तीनपत्तीत सिक्वेन्स मोठा, पोकरमध्ये कलर, हे कुणाला ठाऊक!

बोळिंजच्या आमच्या सोसायटीतली, गिरीजच्या केळीच्या वाडीत वाढलेली शेजारीण बाकावर बाजूलाच आपल्या मोबाइलवर तीच स्पर्धा खेळत होती. चिप्स फुकट म्हणून बाकीचे उधळतात. ती मात्र केळीचा घड तोलावा तशी पानं तोलते आणि हलकी वाटली की "नाय बा" पुटपुटत टाकून देते.

"हसं झालं माझं. आता खेळणं बंद," मी म्हटलं.

तिने स्वतःचा जिंकत आलेला डाव माझ्या हातात दिला.

"काकी, हे उधळे उद्या पन उधळनार. तुमी मात्र कलर विसरनार नाय. खेला."