अण्णांची अँबेसिडर आणि दोन बोटं

गॅरेजात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. एक जुने नट-बोल्ट, दुसरे किस्से. नटांसाठी माझ्याकडं तेलाचे कापलेले डबे आहेत, किस्से मात्र डोक्यातच साठतात. आणि त्यातले निम्मे एकट्या चनबसअण्णांच्या गाडीचे!

आमचं गॅरेज उमरग्यात, हायवेला लागून. मी मालक, पण ते नावाला. खरा कारभार सलीममामूंचा. मामू डेंटर आहेत, म्हणजे पत्र्याच्या पोचा काढणारे, माझ्या वडिलांपासून इथं, त्यामुळं मला बोलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि ते तो रोज वापरतात. चनबसअण्णा म्हणजे बाजारातले जुने कापडवाले. आता दुकान मुलगा बघतो, अण्णा फक्त त्यांची पांढरी अँबेसिडर बघतात. कुठं जायचं नसलं तरी रोज पुसतात.

* * *

एके दिवशी अण्णा तोंड पाडून आले. मुलानं वरचा मजला चढवला, त्याचा जिना पोर्चमध्ये उतरला आणि गाडीचं नाक गेटबाहेर राहायला लागलं. गेट लागेना. उघड्या गेटातून शेळ्या यायच्या आणि अक्कांची शेवंती खाऊन जायच्या. अक्का म्हणजे अण्णांची बायको. घरात शेवटचा शब्द त्यांचाच.

"काय म्हणल्या अक्का?" मी विचारलं.

"गाडी आत बसली तर ऱ्हाईल, न्हाय तर इकायची! सोलापूरचं गिऱ्हाईक सोमवारी बघायला येतंय."

अण्णांचे डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू, मलाही कसंतरी झालं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मागची डिकी थोडी कापून आखूड करता येईल का?"

मामूंनी हातोडा खाली ठेवला. "अण्णा, गाडी है! पायजामा नै!"

* * *

मग मामूंनीच तोड काढली. अण्णांच्या गाडीला जुने जाडजूड बंपर होते, पुढं-मागं चांगले बाहेर आलेले. ते काढून बारके, अंगाला चिकटून बसणारे बसवले की गाडी आपोआप आखूड. तसली एक जोडी मामूंना सोलापूरच्या भंगारात सापडलीही.

मामूंनी टेप लावून गाडी मोजली. पोर्चचं माप अण्णा घरून आपल्या दुकानातल्या मीटरपट्टीनं घेऊन आले होते. वजाबाकी केली तर गाडी सहा इंच जास्त! दोन्ही बंपर बदलले तर बरोबर तेवढेच सुटत होते.

"पण गेट तर दोनच बोटं अडतंय," अण्णा म्हणाले.

"बोटां-बिटां नक्को अण्णा, मापाँ बोलो!"

मी म्हटलं, मामू, एकदा घरी जाऊन मोजून येऊ. तर मामू माझ्यावरच उखडले. "चाळीस साल कपडा नापे सो आदमी है! उनकू क्या शक करना?"

पगार मी देतो, पण ऐकतो कोण?

* * *

बंपर उतरवले त्या दिवशी अक्का स्वतः गॅरेजात आल्या. काम नीट चाललंय का बघायला, असं म्हणाल्या. गाडीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भिंतीला टेकवलेल्या जुन्या बंपरजवळ गेल्या आणि पदरानं त्यावरची धूळ पुसायला लागल्या. पुढच्या बंपरला उजवीकडं एक मोठी पोच होती.

मामू आपले धंद्याचे. म्हणाले, "अक्का, दो मिनट में निकालतूं. एकदम प्लेन!"

"हात लावायचा न्हाय त्याला!" अक्का एवढ्या जोरात बोलल्या की बाहेर टायरला हवा भरणारा ट्रकवालाही थांबला.

मग ओशाळून म्हणाल्या, "म्या केलीय ती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हे मला शेतात गाडी शिकवत होते. समोर लिंबाचं झाड, आणि मला ब्रेकच घावंना."

"मग अण्णा काय म्हणाले?"

"खाली उतरले, झाडाकडं बघितलं अन् म्हणले, ह्याला काय लागलं न्हाय, चल फुडं!"

अक्का एकट्याच हसल्या. मी उगाच स्टूल पुढं केलं, चहा मागवला. चहा न घेताच गेल्या.

* * *

बारके बंपर बसले. गाडी दाढी केल्यासारखी कोवळी दिसायला लागली. अण्णा खुश! खुशीत चहाचा कप घेतला आणि सवयीनं मागं सरकून पुढच्या बंपरवर टेकले. जुन्या बंपरवर दोन माणसं आरामात बसायची. इतकी वर्षं अण्णांनी आमच्याकडचा चहा तिथंच बसून प्यायला होता. नव्यावर मांजर बसेल तर शपथ! अण्णा थेट जमिनीवर आणि चहा धोतरावर.

मामू धावले, आधी नवा बंपर तपासला, मग अण्णांना उठवलं. "अण्णा, ये देखने का बंपर है, बैठने का नै!"

* * *

रविवारी गाडी घरी नेली. मी आणि मामू बरोबर गेलो, कारण अण्णा स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हते. गाडी हळूहळू आत घेतली. अक्कांनी स्वतः गेट ओढलं आणि कडी घातली. लागलं! आणि लागून वर चार इंच जागा शिल्लक!

अण्णांनी सगळ्यांच्या देखत बॉनेटवर डोकं टेकवलं. अक्कांनी आम्हाला गरम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर वाढली, वर तुपाची धार. तेवढ्यात सोलापूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. अक्कांनीच घेतला. "बेडा, बेडा! येऊ नका. गाडी आत गेली," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मामूंना मात्र हुग्गी गोड लागेना. चार इंच आले कुठून? "अण्णा, माप कैसा लिये, जरा दिखाव."

अण्णांनी मीटरपट्टी आणली. पोर्चमध्ये ठेवली. टोकाला अंगठा आडवा लावला आणि अंगठ्याच्या पुढून दुसरा मीटर सुरू केला. तिथं परत अंगठा. चार मीटर, चार अंगठे!

"ये अंगूठा कैकू?"

"गिऱ्हाइकाला कमी जायला नको!" अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं सोडला, आता हात ऐकतोय व्हय?"

म्हणजे पोर्च अण्णांच्या मापापेक्षा चार इंच लांब, आणि गेट खरंच दोनच बोटं अडत होतं. एकच बंपर बदलून भागलं असतं! मामूंनी कपाळाला हात लावला आणि हुग्गी दुसऱ्यांदा मागून घेतली.

निघताना अक्का हळूच म्हणाल्या, "तो पुढला जुना बंपर उद्या घरी पाठवा."

पाठवला.

* * *

आठ दिवसांनी अण्णांचा फोन. "शेट, गेट लागंना."

मी आणि मामू टेप घेऊन पळालो. बघतो तर गाडीचं नाक गेटच्या बाहेर. मामूंनी टेप खिशातच ठेवला आणि हात लावून बघितलं. बरोबर दोन बोटं!

मी आत जाऊन गाडीच्या मागं वाकून बघितलं. पोर्चच्या भिंतीला दोन लोखंडी अँगल ठोकलेले. त्यावर तो जुना बंपर, चिंच लावून लख्ख घासलेला, पोच तशीच. पोचेत शेवंतीचं एक फूल खोवलेलं.

"हे कुणी लावलं?"

अण्णा स्वयंपाकघराकडं बघत राहिले.

मी तिकडं हाक मारली. "अक्का, आता एक तर हे भिंतीवरनं काढावं लागंल, न्हाय तर मग गाडी..."

अक्का हात पुसत बाहेर आल्या. बंपरकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. गेटकडं बघितलं.

"अगं, शेळ्या येतील," अण्णा बारीक आवाजात म्हणाले.

"येऊ द्या. सलीमभाऊ, गेट खोलून काढायचा पाना आणलाय का?"